परतीची नळी

१

संपात गिरणी गेली. दोन वर्षं मिळेल ते काम केलं आणि पंचाऐंशी साली मला खारदांड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात इंजिनवाल्याची नोकरी लागली. महिन्याभरात मी बाळा गवाणकरलाही तिथे चिकटवला. गिरणीत आम्ही बावीस वर्षं एका खात्यात काढली होती. मी फिटर, तो तेलवाला. यंत्राच्या कुठल्या सांध्याला केव्हा आणि किती तेल द्यायचं हे बाळाला विचारावं. बाकी जगातलं त्याला काही विचारू नये, असं त्याची बायको मालन म्हणायची.

कारखान्याचं इंजिन जुनं, सहा सिलिंडरचं, माझ्या लग्नाच्याही आधी बोटीतून आलेलं. त्याच्यावर पट्ट्याने अमोनियाचा कॉम्प्रेसर चालायचा. त्या साली मासळी भरपूर आली, बर्फ पुरेना, म्हणून मालकाने दुसरा कॉम्प्रेसर बसवला. मालकाचं नाव चंद्रप्रकाश, आम्ही शेठ म्हणायचो. दोन कॉम्प्रेसर ओढताना इंजिनाची दमछाक व्हायला लागली. काळा धूर ओकायचं. तेव्हा शेठने दारूखान्यातून, तिथे मोडायला येणाऱ्या जहाजांच्या भंगारातून, एक टर्बो उचलून आणला.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरची दोन चाकं. इंजिनाचा धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणजे जोर जास्त. दांडा मिनिटाला साठेक हजार फेरे घेतो, आणि इतक्या वेगात तो कशावर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल थांबलं तर काही सेकंदांत दांडा जळतो. नव्या इंजिनांना त्या तेलाची सोय असते. आमच्या इंजिनाला नव्हती, ती मी केली.

तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाची नळी काढून तिथे तीन तोंडांचा जोड लावला, आणि एका तोंडातून पेन्सिलीएवढी बारीक नळी टर्बोच्या डोक्यावर नेली. वरून जाणारं तेल दाबाने जातं, पण खाली पडणारं स्वतःच्या वजनानेच पडायला हवं. म्हणून परतीची नळी अंगठ्यापेक्षा जाड घेतली, कुठेही वाक न देता सरळ उताराची, आणि इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीला, तेलाच्या पातळीच्या वर भोक पाडून त्यात सोडली. दोन दिवस लागले. काम चोख झालं होतं, हे मी आजही सांगतो.

सुरू करण्याआधी टर्बोत वरून हाताने तेल ओतायचं असतं, सुक्या दांड्याने एक फेराही घेऊ नये म्हणून. ते बाळाने ओतलं. अर्धी वाटी पुरते. त्याने दोन वाट्या ओतल्या, तरी वरच्या भोकात तेल दिसेना.

"खय जाता रे ह्या, काशी?" त्याने विचारलं.

"परतीच्या नळीतून चेंबरमध्ये. जाणार कुठे?" मी म्हणालो आणि इंजिन चालू केलं.

धूर विरळ झाला, पट्टा ताणला गेला, आणि इंजिनाच्या धडधडीच्या वर एक बारीक शीळ चढत गेली. शेठ दारात उभा होता. "झकास!" म्हणाला आणि निघून गेला.

२

तिसऱ्या दिवशी सकाळी तेल मोजायची पट्टी बुडवून पाहिली तर तेल बोटभर खाली. मी भर घातली. चौथ्या दिवशी पुन्हा बोटभर.

इंजिनातलं तेल तीनच वाटांनी जातं. गळतं, जळतं, नाहीतर पाण्यात मिसळतं. मी खालची फरशी पुसून कोरी केली आणि दिवसभर चालवलं. एक थेंब नाही. तेल जळलं तर धूर निळा होतो. धूर आधी कधी नव्हता इतका स्वच्छ. थंड करायचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं, त्यावर तवंग नाही.

मग बाळाने मला ती शीळ दाखवली. इंजिन बंद केल्यावर टर्बोचा दांडा आपल्या वेगाने थोडा वेळ फिरत राहतो. अर्धा मिनिट, फार तर एक. म्हणून बंद करण्याआधी पाच मिनिटं मी इंजिन हळू चालवायचो, तेल पोचत राहावं म्हणून. त्या दुपारी इंजिन थांबलं, पट्टा थांबला, कॉम्प्रेसर गप्प झाले आणि शीळ चालूच राहिली.

"घड्याळ बघ," बाळा म्हणाला.

चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी सात. बेअरिंग फारच मोकळं असेल, असं मी म्हणालो. बेअरिंगबद्दल बाळाला असं काही सांगायची माझी पहिलीच वेळ होती.

शुक्रवारी इंजिन चालू असतानाच मी खाली डबा धरून परतीच्या नळीचा जोड सोडला. खरं तर गरम तेलाची धार पडायला हवी. काही पडलं नाही. वरची बारीक नळी जरा ढिली केली तर तिथून तेल चिळकांडीसारखं उडालं, माझी बाही भिजली. म्हणजे वरून जात होतं. खाली काही नव्हतं. नळी पूर्ण काढून उजेडात धरली. आतून ती कोरी होती. बसवताना होती तशी, दुकानातल्यासारखी.

आठ दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत तिच्यातून एक थेंबही खाली आला नव्हता.

३

जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच थांबलो. शीळ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मग फरशीवर उताणा झोपून टर्बोच्या खालच्या भोकात करंगळी घातली. कुठे चिंधी अडकली असेल, तिने तेल अडवलं असेल, एवढंच मला पाहायचं होतं.

आत गरम होतं, ते असणारच. कडेचं लोखंड लागलं. त्याच्या पुढे बोट गेलं आणि काहीतरी मऊ लागलं. चिंधीच, असं मी मनात म्हणालो. ते मागे सरलं. मी हात काढणार इतक्यात ते पुन्हा आलं आणि माझ्या करंगळीवरून मुळापासून टोकापर्यंत सावकाश फिरलं.

हात ओढताना कोपर फरशीवर आपटलं. बाहेर उजेडात येऊन मी बोट पाहिलं. फिटरच्या हाताचं काळं कधी जात नाही. साबण, रॉकेल, रेती, काही लावा, नखाच्या कडेला आणि चामडीच्या रेघांत ते राहतंच. माझी चार बोटं तशी होती. करंगळी गोरी होती. नखाखाली काही नाही, रेघांत काही नाही. वर चामडी अशी कोरडी की वाकवली तर सांध्यावर चीर पडली.

गरम तेलाने सोललं असेल. आत जुनं रबर असेल, हवेने हललं असेल. संध्याकाळपर्यंत मी अशी पाच-सहा कारणं जमवली. सुगंधाने, माझ्या बायकोने, रात्री वाढताना विचारलं, "बोटाला काय झालं?" मी म्हटलं, भाजलं.

बाळाचे डोळे त्याच सुमाराला सुकायला लागले. तो सारखा डोळे चोळायचा. पापणी मिटताना त्रास होतो म्हणायचा. अमोनियाच्या हवेत ते सगळ्यांनाच होतं. मग त्याचे गुडघे वाजायला लागले. वय झालं की गुडघे वाजतात, पण बाळा इंजिनघरात शिरला की मला पाठमोऱ्यालाही कळायचं. तेल न दिलेल्या दरवाज्यासारखा आवाज, प्रत्येक पावलाला. आणि तो मात्र इकडेतिकडे जायचं सोडून टर्बोपाशीच स्टूल टाकून बसायचा. टर्बोच्या डोक्यावरचं बूच उघडून कॅनने तेल घालताना मी त्याला दोनदा पकडला. इंजिन बंद असताना.

"अरे वेडा झालास काय? कशाला घालतोस?"

"माझ्याकडना घेण्यापेक्षा ह्या बरा," तो म्हणाला. थट्टेचा सूर नव्हता.

मालन त्याला खारच्या दवाखान्यात घेऊन गेली, मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबले, फोटो काढायला लावला. दोन दिवसांनी फोटो उजेडात धरून म्हणाल्या, "सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. यांच्या सांध्यात ते जवळजवळ नाहीच. नव्वदीच्या म्हाताऱ्यातही इतकं कोरडं मी पाहिलेलं नाही. हे काम कसलं करतात?"

"तेलवाला आहे," मालन म्हणाली.

४

मी शेठला म्हटलं, टर्बो काढू या. सीझन संपू दे, आठच दिवस, शेठ म्हणाला. बाळाला मी घरी बसायला सांगितलं. तो काठी घेऊन यायचाच.

शनिवारी दुपारी दोन वाजता मी इंजिन बंद करायला डिझेलचा दांडा ओढला. डिझेल बंद झालं. इंजिनाचा वेग चढला.

हे होऊ शकतं, मी ऐकून होतो. टर्बोचं सील फुटलं की त्यातलं तेल हवेबरोबर इंजिनात जातं आणि इंजिन स्वतःचं वंगण जाळून धावत सुटतं. मग डिझेल तोडून उपयोग नसतो, तुकडे होईपर्यंत ते थांबत नाही. हवेचं तोंड बंद करणं एवढाच उपाय. खरं सांगतो, त्या क्षणी मला आधी हायसं वाटलं. सील! तेल कुठे जातं ते कळलं!

पट्टा फडफडायला लागला, फरशी हादरत होती, बर्फ काढणारी माणसं बाहेर पळाली. मी ओलं गोणपाट फळीला गुंडाळून टर्बोच्या तोंडाकडे धावलो. अशा वेळी फळी नीट धरावी लागते, नाहीतर हात आत ओढला जातो. पण फळी ओढली गेली नाही. उलट मनगटावर आतून वारा आला, अंगाच्या उबेचा, सावकाश. थांबला. पुन्हा आला.

मी फळी बाजूला करून आत पाहिलं. शीळ कान फाडत होती आणि चाक स्थिर होतं. मला त्याचं एकेक पातं मोजता आलं असतं. पात्यांच्या मधल्या फटींतून मागच्या काळोखात काहीतरी ओलं चमकत होतं. ते सरकलं आणि मी पाहतोय तिकडे, माझ्या बाजूच्या फटीत आलं.

मागून बाळाचे गुडघे वाजले. त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून टर्बोच्या अंगावर ठेवला. लोखंड लाल व्हायला आलेलं होतं, पण तो हात ठेवून उभा राहिला.

"रव आता," तो म्हणाला. झोपेला आलेल्या पोराला थांब म्हणून सांगावं तसं. "रव."

इंजिन थांबलं.

मी चेंबरचं बूच काढलं. सकाळी पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत तेल होतं. डब्यात चमचाभरही पडलं नाही. बाळाचा तळवा पाहिला. भाजला नव्हता. कागदासारखा कोरडा होता, त्यावरच्या रेघाही गेल्या होत्या.

५

आवाजाने शेठ घाबरला होता. "काढ ते धूड. सोमवारी दारूखान्यात परत धाडतो. तोवर ठेव कुठे तरी," म्हणाला. तासाभरात मी टर्बो उतरवला, दोन्ही नळ्यांची भोकं बूच मारून बंद केली, जुनी जोडणी परत बसवली. इंजिनात नवं तेल घालून ते चालू केलं. पहिल्यासारखं धापा टाकत चाललं. पट्टी तासातासाला पाहिली, तेल हललं नाही.

टर्बो टेबलावर होता. कशालाच जोडलेला नव्हता. जवळ गेलं की बारीक शीळ ऐकू यायची.

मालन बाळाला न्यायला आली होती. तो टेबलाजवळून उठेना. आम्ही दोघांनी त्याला धरून उठवला. त्याचे सगळे सांधे वाजत होते, बोटांचेसुद्धा. दारातून त्याने मागे पाहिलं आणि मला म्हणाला, "उपाशी नको ठेवू."

मला हातोडा घ्यावासा वाटला. पण फोडलं तर आतलं बाहेर येईल, ही भीती जास्त होती. मग माझ्या डोक्यात आलं की पाण्यात ठेवून पाणी गोठवलं तर कुठलाही दांडा फिरू शकत नाही. बर्फाची लादी ज्या उंच पत्र्याच्या डब्यात करतात, त्यातला एक घेतला. टर्बो तळाशी सरळ उभा ठेवला, डबा पाण्याने भरला आणि बर्फ धरवणाऱ्या गार मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडला. माझ्या डोळ्यांदेखत कडेने पांढरी साय धरायला लागली तेव्हा वर लाकडी झाकण टाकून घरी गेलो.

६

रविवारी सकाळी क्रेनने डबा उचलला, साध्या पाण्यात बुडवला, आडवा केला. लादी सरकून बाहेर आली. चांगली कडक धरली होती, कडांनी काचेसारखी, मध्ये पांढरी. टर्बो तळाशी काळा दिसत होता. शीळ नव्हती.

मग मला ती पोकळी दिसली. टर्बोच्या तळाच्या भोकातून, जिथून परतीचं तेल यायचं त्या भोकातून, निघाली होती. खाली जागा नाही म्हणून वळून टर्बोच्या कडेने वर आली होती, आणि लादीच्या माथ्यावर उघडली होती. बर्फ धरताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, चिरा पडतात. मी बॅटरी लावून आत पाहिलं. पोकळी माझ्या मनगटाएवढी होती. आतून तेलाचा पिवळा हात फिरलेला, अजून न गोठलेला. आणि भिंतीवर खालपासून वरपर्यंत दाबल्याच्या खुणा होत्या, पाच-पाचच्या.

मी लादी फोडली. टर्बोत काही नव्हतं. दांडा गंजून आवळला होता, पान्यानेही हलला नाही.

दहाच्या सुमाराला कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकून वळलो. बाळा होता. काठी नव्हती. ताठ उभा, डोळे पाणीदार, चेहऱ्यावर दसऱ्याला पुसलेल्या यंत्रावर असावी तशी तकाकी. तो येताना मला काही ऐकू आलं नव्हतं.

"बाळा! बरं वाटतंय?"

"माका काय झालला?" तो हसून म्हणाला. पुढे होऊन त्याने कॉम्प्रेसरवर हात ठेवला, रोज ठेवायचा तसा, आणि कॉम्प्रेसरचं बेअरिंग किंचाळलं. मी धावत जाऊन यंत्र बंद केलं. सात वाजता मी स्वतः भरलेली तेलाची वाटी ठणठणीत कोरडी होती. माझ्या सदऱ्याच्या खांद्यावर पाच बोटांचा तेलकट डाग होता.

दुपारी मी शेठला सांगून नोकरी सोडली. बाळाला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मी केलेली ती एकच चोरी.

७

दोन महिन्यांनी, एका दुपारी, मालन घाटकोपरला आमच्या चाळीत आली. टेकडीच्या अंगाची खोली, वर यायला पन्नासेक पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिचे गुडघे वाजत होते, म्हणून मी दार आधीच उघडून उभा होतो. तिचे ओठ फाटले होते, हातांच्या चामडीला भेगा होत्या.

ती भिंतीला टेकून रडायला लागली. खांदे हलत होते, हुंदके येत होते. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"भावजी, ते चांगले वागतात हो," ती म्हणाली. "कधी नाही इतके चांगले वागतात. मला सोडून जात नाहीत क्षणभर. हात धरून बसतात."

"कुठे आहे तो?"

"आलेत ना. खाली सांगून थांबवलंय."

मी बाहेर पाहिलं. पायऱ्यांवर बाळा होता, अर्ध्या वाटेत. वर येत होता. इतक्या पायऱ्या चढूनही त्याला दम लागला नव्हता, आणि पावलाचा आवाज तर नव्हताच. मला पाहून त्याने हात वर केला. माझा बाळाच होता तो. तोच वाकडा दात, तीच मान एका बाजूला टाकायची सवय.

मी आत आलो आणि कडी घातली.

"काशी," दारापलीकडून तो म्हणाला. "जरा बसाक दी रे."

सुगंधाने मालनला आतल्या कोपऱ्यात ओढून धरलं होतं. तो पुन्हा बोलला नाही, दार ठोठावलं नाही. पण तो गेला नव्हता. शेजारच्या नीलाबाईंचं शिवणयंत्र सुरळीत चालत होतं, ते कुरकुरायला लागलं, मग अडकलं. त्यांनी दोनदा चाक फिरवून पाहिलं आणि शिव्या घातल्या. चार वाजता मी दाराला कान लावला. मग दार उघडलं. दिवाळीत मी स्वतः तेल दिलेल्या बिजागऱ्या अशा ओरडल्या की मालनने कान झाकले. बाहेर कोणी नव्हतं.

खारदांड्यालाही तो परत गेला नाही. आम्ही पोलिसांत कळवलं, गावी पत्रं टाकली, मी दोनदा जाऊन आलो. मालनला परत पाठवायला मन होईना, ती आमच्याकडेच राहिली. सुगंधा रोज तिच्या हातापायांना खोबरेल चोळायची. पहिले काही दिवस ते जिरून दिसेनासं व्हायचं. मग अंगावर राहायला लागलं. चालताना तिचे गुडघे वाजायचे थांबले.

गणपती झाल्यावर एका सकाळी मालन विळीवर कांदे चिरत होती. मी पेपर वाचत होतो. ती एकाएकी थांबली, मनगट डोळ्यांना लावलं आणि ओलं मनगट आमच्यापुढे धरलं.

"सुगंधा, अगं बघ. आलं. पाणी आलं."

ती हसत होती. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तो आता कुठे जवळपास नाही, की कुठेच नाही, हे विचारायचं होतं तिला. मी पेपराची घडी केली.

सुगंधाने विळी पाडली, कांद्याचं ताट उचलून आत नेलं, मोरीत हात धुऊन आली. मालन रडतच होती.